सुरुवात कोण करणार?

‘कॉम्प्युटर चालू होत नाहीये’ हे वाक्य आता घराघरांत ऐकू येतं. बोलायला सोपं आहे, पण दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीनं ते जवळजवळ निरर्थक आहे. डॉक्टरांसमोर बसून नुसतं ‘बरं नाही’ म्हणण्यासारखंच. बटण दाबल्यावर दिवाच लागत नाही, हा एक प्रकार. दिवा लागतो, पंखा घरघरतो, पण पडदा काळाच राहतो, हा दुसरा. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटतात आणि तिथंच सगळं गोठतं, हा तिसरा. आणि चौथा सगळ्यात चिडवणारा. विंडोजचं चित्र येतं, आता झालंच म्हणून आपण खुर्ची पुढं ओढतो, तेवढ्यात मशीन स्वतःच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ही एकाच जिन्याच्या चार वेगवेगळ्या पायऱ्यांवरची पडझड आहे. त्यातली प्रत्येक पायरी वेगळ्या काळात, वेगळ्या माणसांनी बांधली. आज मला या जिन्याची हकिगत सांगायची आहे.

मुळातली अडचण फार जुनी आहे. संगणक सूचनेशिवाय काहीही करत नाही. सूचना ठेवलेल्या असतात त्याच्या स्मृतीत. पण त्या स्मृतीत आणून ठेवायच्या, तर त्यासाठीही कुणीतरी सूचना द्यायला हवी. ती पहिली सूचना कुठून येणार? अमेरिकेत पूर्वी उंच बूट वापरत. ते ओढून चढवता यावेत म्हणून त्यांच्या वरच्या काठाला कातड्याचा एक फासा असे, त्याला म्हणत बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाचा फासा ओढून स्वतःलाच वर उचलणं, हा तिथला अशक्य गोष्टीसाठीचा थट्टेचा वाक्प्रचार. आपण म्हणू, स्वतःच्याच खांद्यावर बसून जत्रा बघणं. संगणकाच्या अभियंत्यांनी १९५० च्या दशकात हीच थट्टा शास्त्रीय संज्ञा म्हणून उचलली आणि पुढं तिचं नुसतं ‘बूट’ झालं. आज खेड्यातला पोरगाही ‘बूट होत नाही’ म्हणतो, त्यात हे पादत्राण दडलेलं आहे.

पहिल्या यंत्रांना ही अडचण नव्हती, कारण तिथं सुरुवात माणसंच करत. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४५ मध्ये पूर्ण झालेला ‘एनिॲक’ हा सुमारे ३० टनांचा, जवळपास १८ हजार व्हॉल्व्ह असलेला अवाढव्य गणक. नवं गणित घालायचं म्हणजे तारा उपसून दुसरीकडे खोचायच्या आणि शेकडो स्विच फिरवायचे. सहा तरुणी हे काम करत. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्याच. रेडिओत चार-सहा असत आणि त्यातली एक गेली की बातम्या बंद. इथं हजारो! अभियंत्यांच्या लक्षात आलं, की नळ्या जास्त करून जातात त्या यंत्र चालू किंवा बंद करताना, तापताना आणि निवताना. म्हणून त्यांनी यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरवलं. चालू होण्याच्या भीतीवर हा इतिहासातला पहिला उपाय. एवढं करूनही एनिॲक न बिघडता सलग सर्वांत जास्त चालला तो १९५४ मध्ये, ११६ तास. म्हणजे पाच दिवसही नाही.

आपल्याकडेही ही व्हॉल्व्हची कथा घडली आहे, आणि तीही मुंबईत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन यांच्या चमूनं बांधलेला संगणक १९६० पर्यंत कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. देशात तेव्हा संगणक शिकवणारी महाविद्यालयं नव्हती. ज्यांनी पुस्तकं आणि नियतकालिकं वाचून यंत्र उभं केलं, त्यांनाच ते बिघडल्यावर दुरुस्तही करावं लागे. दुकानात नेऊन टाकायची सोयच नव्हती.

आता जिन्याच्या खऱ्या पहिल्या पायरीकडे येतो. ही पायरी केंब्रिजमध्ये बांधली गेली. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘एडसॅक’नं ६ मे १९४९ रोजी पहिला कार्यक्रम चालवला. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या आकड्यांचे वर्ग त्यानं छापून दाखवले. या यंत्राची स्मृती म्हणजे पाऱ्यानं भरलेल्या लांब नळ्या. त्या पाऱ्यातून ध्वनीचे ठोके फिरत राहत आणि ते फिरणं म्हणजेच आठवण. वीज गेली, की पारा मुका. मग रोज सकाळी त्याला बोलतं कसं करायचं? डेव्हिड व्हीलर नावाच्या तरुण संशोधक विद्यार्थ्यानं त्यावर ३१ सूचना लिहिल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्या तारांनी कायमच्या पक्क्या करून टाकल्या. बटण दाबलं की या ३१ सूचना स्मृतीत उतरायच्या, त्या कागदी पट्टीवरची भोकं वाचायच्या, माणसांच्या सोयीची अक्षरं-आकडे यंत्राच्या भाषेत बदलायच्या आणि मग काम त्या नव्या कार्यक्रमाच्या हाती सोपवून बाजूला व्हायच्या.

आमच्या घरात कुठल्याही कामाला हात घालताना ‘बिस्मिल्ला’ म्हणायची रीत आहे, शेजारी ‘श्रीगणेशा’ करतात. संगणकाचा बिस्मिल्ला म्हणा, श्रीगणेशा म्हणा, तो या ३१ ओळी. मी कवितेच्या धंद्यातला माणूस. ३१ ओळींत काय काय बसवता येतं आणि किती फापटपसारा गाळावा लागतो, याची मला थोडी कल्पना आहे. म्हणून मला व्हीलर या माणसाबद्दल अपार आदर वाटतो. त्याच १९४९ सालच्या उन्हाळ्यात विल्क्स यांना जिना चढता चढता एकदम जाणवलं, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला बराचसा काळ स्वतःच्याच कार्यक्रमांतल्या चुका शोधण्यात जाणार आहे. हे त्यांनी पुढं आठवणींत लिहून ठेवलं.

चुकांना ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात, त्याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्राच्या रिलेमध्ये खरोखरीचा पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. गोष्ट खरी आहे. ते पान आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण ‘बग’ शब्द तिथं जन्मला हे मात्र खोटं. एडिसनच्या काळापासून अभियंते तो वापरत होते. नोंदवहीतली गंमतच मुळी ही, की इतके दिवस नुसत्या बोलण्यातला किडा एकदाचा हातात आला. तो शोधल्याचं श्रेय ग्रेस हॉपर यांना देतात, तेही बरोबर नाही. त्या ही गोष्ट फार रंगवून सांगत, एवढंच.

व्हीलरची युक्ती सगळ्यांना परवडली नाही. १९६५ मध्ये बाजारात आलेल्या ‘पीडीपी-८’सारख्या छोट्या यंत्रांच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग असे. रोज सकाळी ऑपरेटर उभ्याउभ्या खटके वर-खाली करून सुरुवातीच्या सूचना एकेक करत भरायचा. सराईत माणसाला त्या पाठ असत. १९७५ मध्ये गाजलेल्या ‘अल्टेअर’ या घरगुती संगणकाचीही तीच तऱ्हा. त्यावर चालणारी ‘बेसिक’ भाषा दाखवायला पॉल ॲलन विमानानं निघाले, तेव्हा विमान उतरायच्या बेताला त्यांच्या लक्षात आलं की आपण भाषा आणली, पण ती पट्टीवरून यंत्रात चढवणारा सुरुवातीचा कार्यक्रमच लिहिला नाही. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला आणि नंतर खटक्यांनी यंत्रात घातला. मायक्रोसॉफ्टचा सगळा पुढला डोलारा त्या कागदावर उभा आहे, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आपल्या टेबलावरच्या पीसीची पायरी १२ ऑगस्ट १९८१ ची. त्या दिवशी आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात सुरुवातीच्या सूचना एका न पुसणाऱ्या चिपमध्ये कोरलेल्या होत्या. तिला बायॉस म्हणतात. वीज आली की प्रोसेसर डोळे झाकून एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथं बायॉसची पहिली सूचना त्याची वाट बघत असते. बायॉस आधी हजेरी घेतं. स्मृती आहे का, कळफलक आहे का, पडदा दाखवणारं कार्ड आहे का. सगळं ठीक असेल तर एक छोटी ‘टिक्’ अशी शिट्टी वाजते. पडदाच चालत नसेल तर यंत्रानं तक्रार कशी सांगायची? म्हणून शिट्ट्यांची भाषा ठरली. एवढ्या लांब, एवढ्या आखूड शिट्ट्या म्हणजे स्मृतीत दोष, तेवढ्या म्हणजे डिस्प्ले कार्डात. पण पुढं कॉम्पॅक, फिनिक्स वगैरे कंपन्यांनी आयबीएमची नक्कल न करता तसंच वागणारं बायॉस स्वतंत्रपणे लिहिलं आणि प्रत्येकीनं शिट्ट्या वेगळ्या ठेवल्या. त्यामुळं तीन शिट्ट्या एकाकडे एक अर्थ सांगतात, दुसऱ्याकडे दुसरा. आणि त्या काळातला तो अजरामर संदेश आठवा. कळफलक सापडत नाही, पुढं जाण्यासाठी एफ-वन कळ दाबा! हे लिहिणारा माणूस विनोदी होता की नुसता दमलेला, मला नेहमी प्रश्न पडतो.

याच पायरीवर आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या कारागिरांनी एक अख्खं शास्त्र तयार केलं. पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी कडा शाळकरी खोडरबरानं घासायची आणि पुन्हा घट्ट बसवायची. हसू नका, यानं असंख्य मशीन उठून बसली आहेत, कारण आपल्या धुळीत आणि दमट हवेत त्या कडांवर थर बसतो आणि वीज पुढं जात नाही. तारीख सारखी १९८० वर जात असेल तर मदरबोर्डवरची रुपयासारखी गोल बॅटरी संपलेली असते. तीन व्होल्टची ती टिकली यंत्र बंद असताना घड्याळ चालवते. आणि २००० नंतरच्या काही वर्षांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे ते छोट्या डब्यांसारखे दिसणारे भाग, जगभर फुगून फुटायला लागले. आतलं रसायन सदोष होतं. महागडा बोर्ड बदला असं कंपन्यांचे लोक सांगत. आमचा कारागीर मात्र फुगलेला डबा डाखणीनं काढून थोडक्या पैशांत दुसरा बसवून देई.

हजेरी झाली की बायॉस डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्याकडे जातं. हा कप्पा ५१२ बाइटचा. मराठी मजकुराच्या भाषेत सांगायचं तर पोस्टकार्डभर. तिथं पुढच्या मार्गाचा पत्ता असतो. पूर्वी यंत्र आधी फ्लॉपी बघे आणि मग हार्ड डिस्क. त्यामुळं खणात फ्लॉपी विसरली की ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश येऊन गाडी थांबायची आणि कचेरीत हाहाकार उडायचा. फ्लॉपी काढून कुठलीही कळ दाबली की संपलं. या एका इलाजावर किती जणांनी शंभर-शंभर रुपये फी घेतली असेल, देव जाणे.

हा पोस्टकार्डाएवढा कप्पा मोक्याचा आहे हे चांगल्यांना समजलं तसं इतरांनाही समजलं. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अलवी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा कार्यक्रम लिहिला. तो फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात स्वतः जाऊन बसे आणि मूळ मजकूर दुसरीकडे हलवी. पीसीवरचा हा पहिला विषाणू मानला जातो. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी पकडण्यासाठी तो केला असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा दिला होता! घरफोड्यानं भिंतीवर पत्ता लिहून जावं, तसा हा मामला. परदेशांतून त्यांना फोन येऊ लागले. पुढं १९९८ मध्ये तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला विषाणू मात्र भोळा नव्हता. २६ एप्रिल ही चेर्नोबिल दुर्घटनेची तारीख आली की तो जागा व्हायचा, डिस्कची सुरुवात पुसायचा आणि जमल्यास बायॉसची चिपच कोरी करायचा. कारण तोवर चिप पुन्हा लिहिता येण्याजोग्या झाल्या होत्या. १९९९ च्या त्या दिवशी आशियात लाखो यंत्रं उठली नाहीत. बिस्मिल्लाच पुसला गेला, मग पुढं काय वाचणार?

आपल्याकडे मात्र विषाणूंपेक्षा विजेनं जास्त यंत्रं पाडली, असं माझं मत आहे. भारनियमनाच्या त्या वर्षांत डिस्कवर काही लिहिलं जात असतानाच वीज जायची. डिस्कवर एक सूची असते, कुठला मजकूर कुठं ठेवला आहे याची. तीच अर्धवट राहायची. दुसऱ्या दिवशी यंत्र सांगे, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. इथं ऐकायला येई तो आपल्या दुकानांतला रामबाण, ‘फॉरमॅट मारावा लागेल’.

माझ्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक सोलापूरकडचे. आई, मावश्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या यांच्या तोंडून ऐकलेली दखनी लग्नगीतं आणि पाळणे ते नऊ वर्षं संगणकावर उतरवून ठेवत होते. म्हणणाऱ्या बहुतेक बायका तोवर अल्लाला प्याऱ्या झाल्या होत्या. एक दिवस हाच संदेश आला. मशीन दुकानात गेलं. तिथल्या मुलानं प्रामाणिकपणे फॉरमॅट मारला, नवी विंडोज घातली, आणि मशीन अगदी झकास सुरू करून संध्याकाळपर्यंत परत आणून दिलं. ‘काय-काय होतं आत?’ हे त्यानं विचारलं नाही, त्याला कुणी ते शिकवलंच नव्हतं. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये पुसली जाते ती सूची, मजकूर जागेवरच असतो. पण त्यावर नवी विंडोज चढली की खालचा भाग कायमचा जातो. पुण्याला डिस्क पाठवून मास्तरांना चाळीसएक गीतं परत मिळाली. काही ओळीच्या मध्येच तुटलेली, आणि तीही युनिकोडच्या आधीच्या एका जुन्या फाँटमध्ये, म्हणजे तो फाँट शोधेपर्यंत नुसतं गिचमिड. डिस्क आधी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली असती, तर बहुधा सगळी गीतं अर्ध्या तासात हाती आली असती. डिस्क शाबूत होती. मोडली होती ती फक्त एक पायरी.

हे काम संयमानं कसं करतात याचा सगळ्यात चांगला दाखला मंगळावरचा आहे. ४ जानेवारी २००४ ला उतरलेली नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी २१ जानेवारीला एकाएकी गप्प झाली. अभियंत्यांना हळूहळू उमगलं, की तिचा संगणक सुरू होतोय, अडखळतोय, पुन्हा सुरू होतोय. आपल्या चौथ्या प्रकारचा बिघाड! असं साठाहून जास्त वेळा झालं. रात्री झोपायला हवं तेव्हा ती जागीच राही आणि बॅटरी उतरत चालली होती. संदेश पोचायला सुमारे दहा मिनिटं, उत्तर यायला आणखी दहा. प्रवासापासूनच्या साठलेल्या फायलींची सूची इतकी मोठी झाली होती, की सुरू होताना ती उघडायला संगणकाची स्मृतीच पुरत नव्हती. त्यांनी तिला आज्ञा धाडली, की साठवणीकडे न बघताच सुरू हो. ती सुरू झाली. मग आधी आतली माहिती मागवली, दोष ताडून पाहिला, नको त्या फायली काढल्या आणि फॉरमॅट मारला तो सर्वांत शेवटी. ९० दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० च्या मार्चपर्यंत बोलत होती.

आजची यंत्रं बदलली आहेत. जुन्या बायॉसची जागा यूईएफआय नावाच्या नव्या व्यवस्थेनं घेतली आहे. सुरुवातीचा प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासतो. पातळ लॅपटॉपमध्ये साठवण पुष्कळदा मदरबोर्डलाच जडवलेली आणि वर कुलूपबंद असते, त्यामुळं डिस्क काढून दुसरीकडे जोडायची ती जुनी युक्ती तिथं चालत नाही. चोराला अडवणारं कुलूप मालकालाही अडवतं. हे १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सकाळी पावणेदहाच्या आत एक सदोष फाइल जगभर धाडली. सव्वा तासानं ती मागं घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख यंत्रं निळा पडदा दाखवत पुन्हापुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यात अडकली होती. विमानं रखडली, इस्पितळांची कामं अडली आणि आपल्याकडे प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मायक्रोसॉफ्टनं आपल्या काही ग्राहकांना दिलेला सल्ला असा होता, की यंत्र पुन्हा सुरू करत राहा, १५ वेळासुद्धा करावं लागेल. कारण यंत्र कोसळायच्या आधी त्याला क्षणभर नेटवर्क मिळालं, तर नवी फाइल उतरण्याची शक्यता होती. बाकी ठिकाणी तंत्रज्ञांनी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उघडून, ती एक फाइल हातानं पुसली. कुलूपबंद यंत्रांना त्याआधी ४८ आकडी किल्ली टंकावी लागे. काही कचेऱ्यांत या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तो सर्व्हरही त्या सकाळी सुरू होत नव्हता.